सतराव्या कलमाचं पान

१

बुधवारी सकाळी कामेना शहराच्या कायद्याच्या पोथीतून एक पान नाहीसं झाल्याचं उघडकीला आलं, आणि गुरुवारी सकाळी ज्याला फाशी द्यायचं होतं त्या पास्कोचा जीव नेमका त्याच पानावर टांगलेला होता.

मी विको. महालाच्या देवडीवर एकोणीस वर्षं बसतोय. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं एवढं ध्यानात ठेवायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं म्हातारा पेंगतो. पेंगतो, पण एक डोळा उघडा ठेवून.

आमच्याकडे राजा महिन्याचा असतो. दर एक तारखेला सरदारांची सभा आपल्यातल्याच एकाला क्नेझ निवडते, त्याच्या गळ्यात शिक्का अडकवते आणि त्याला महालात आणून सोडते. मग महिनाभर तो म्हणेल ती पूर्व दिशा. फक्त त्यानं उंबरठा ओलांडायचा नाही. बायकोला भेटायचं नाही. सुरी, कात्री, काहीही धारेचं जवळ बाळगायचं नाही. ताटातलं मांससुद्धा खालून कापून येतं. त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, त्याला जाब विचारायचा नाही, आणि महिना संपेपर्यंत त्याला नावानं हाकही मारायची नाही. आमच्या पूर्वजांना राजा हवा होता आणि राजाची भीतीही वाटत होती, म्हणून त्यांनी हा असला संसार थाटला.

त्या मार्चचा क्नेझ होता दाम्यान वेसेलिच. एकसष्ट वर्षांचा, ऑलिव्हच्या बागांचा मालक, स्वभावानं गरीब. मुंगी चिरडली तरी दिवसभर हळहळणारा माणूस. सव्वीस दिवस चालणं नसल्यानं त्याचा एक गुडघा सुजला होता.

पास्को मिठागरावरचा कामगार. त्याची म्हातारी आई परदेशातून परत येत होती, तिचं जहाज बंदराबाहेर उभं होतं. साथीच्या भीतीनं आमच्याकडे कायदा आहे: चाळीस दिवस जहाजावरच्या कोणी किनाऱ्याला पाय लावायचा नाही, आणि जो उतरवून आणेल त्याला फाशी. म्हातारी जहाजावर शेवटच्या घटका मोजत होती. पास्को होडी घेऊन गेला, आईला पाठुंगळी मारून घरी घेऊन आला. ती तिसऱ्या दिवशी स्वतःच्या चुलीपाशी वारली. साथबिथ काही नव्हती, वयानं गेली. पण कायदा साथ होती का असं विचारत नाही, पाय लागला का एवढंच विचारतो.

आता ते पान. रोज सकाळी क्नेझनं छोट्या सभेपुढे पोथीतलं एक कलम मोठ्यानं वाचायचं अशी प्रथा आहे. सोमवारी नेमकं सतरावं कलम आलं. फार जुनं. त्यात लिहिलं होतं: फाशीकडे निघालेल्या माणसाला क्नेझ उघड्या आभाळाखाली समोरासमोर भेटला, तर तो माणूस सुटला. सभेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. हे कलम आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला आठवायचं नव्हतं.

बुधवारी त्यावर चर्चा करायची म्हणून चिटणीसांनी पोथी उघडली. सोळाव्यानंतर एकदम अठरावं.

चिटणीस म्हणजे बार्तोलो. चिटणीस नेहमी समुद्रापलीकडचाच असावा असा आमचा नियम, म्हणजे तो गावात कोणाचा मामेभाऊ निघत नाही. बावीस वर्षं आमची मासळी खाऊनही तो परकाच. त्यानं पानाच्या उरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. सकाळच्या सभेला मी दिवाणखान्याच्या दारात उभा असतो, मलाही दिसलं. कड सुरीनं कापल्यासारखी सरळ नव्हती, ओढून फाडल्यासारखी दातेरीही नव्हती. जुन्या घोंगडीच्या काठासारखी मऊ लव सुटली होती.

"उंदीर असेल," ओर्सात ग्रुबिच म्हणाला. हा आमचा कायदेरक्षक. उंच, नीटनेटका, बोलताना ओठसुद्धा काटकसरीनं हलवणारा.

"उंदराला सोळावं आणि अठरावं बेचव लागलं वाटतं," बार्तोलो म्हणाला.

"पोथीची प्रत एकच. पोथीत नाही ते कायद्यात नाही. उद्या पहिल्या घंटेला फाशी होईल," ओर्सात म्हणाला.

क्नेझ पुटपुटला, "चौकशी करा, चिटणीस. तसा नियमच आहे."

"संध्याकाळपर्यंत," ओर्सातनं पुस्ती जोडली.

बार्तोलो जिना उतरून थेट देवडीवर माझ्यापाशी आला. "विको, काल वर कोण कोण गेलं ते सांग. आणि सोमवारी आत काय वाचलं गेलं ते पास्कोच्या बायकोच्या कानावर कोणी घातलं, तेही सांग."

ते मीच घातलं होतं.

२

"मीच सांगितलं," मी म्हणालो. लपवून काय करणार, बार्तोलोच्या नाकाला वास येतोच. "स्ताना रोज येऊन या पायरीवर बसते. रडत नाही, ओरडत नाही, नुसती बसते. किती दिवस बघायचं ते?"

"आणि देवडीवरच्या माणसानं आतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम?"

"नियम आहे की."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यावर पुन्हा बोलला नाही. "आता काल."

मंगळवारी सकाळच्या वाचनाला ते पान जागेवर होतं. अठरावं कलम काढताना बार्तोलोनं स्वतः ते उलटलं होतं. दिवसभर पोथी वरच्या दिवाणखान्यात लाकडी घोडीवर असते. संध्याकाळी तीन किल्ल्यांच्या पेटीत जाते. एक किल्ली क्नेझकडे, एक चिटणीसांकडे, एक ओर्सातकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. तेव्हा पान गेलं ते मंगळवारी, दिवसाउजेडी.

"तुम्ही स्वतः सकाळपासून जकातीच्या कचेरीत होतात," मी म्हणालो.

"माझ्यावरही नजर ठेवतोस?"

"पगार त्याचाच मिळतो."

वर गेली चार माणसं. न्याहारीनंतर वैद्य लोव्रो, क्नेझचा गुडघा बघायला. दुपारच्या घंटेला ओर्सात. मग धुणं न्यायला कातिना. दिवस कलताना पास्कोची बायको, स्ताना. चार आली, चार गेली, पाचवा कोणी नाही. माझ्या देवडीवरून मांजर गेलं तरी मला कळतं.

"चौघांत पान नको असलेले कोण?" बार्तोलोनं विचारलं.

"ओर्सात. आणि वैद्य. त्यानंच पास्कोची खबर दिली. पास्को सुटला तर उद्या प्रत्येक जण आपल्या आईला होडीत घालून आणील, असं तो चौकात सांगत फिरतोय."

"कातिना?"

"ओर्सातच्या घरचं धुणंही तीच धुते."

"आणि स्ताना सोडून द्यायची?"

"नवऱ्याचा जीव ज्या पानावर, ते ती कशाला चोरेल?"

"तिला वाचता येतं का?"

"नाही."

"मग कोणी तिला म्हणालं असेल की ते पान चोर, ते दाखवून नवरा सोडवू, तर?"

एकदा संशय घ्यायला लागलं की गाव पुरत नाही. मला दुपारपर्यंत पाववाल्याचाही संशय यायला लागला होता.

३

वैद्य लोव्रो बंदराजवळच्या आपल्या खोलीत बाटल्या पुसत होता. आम्हाला बघून त्यानं बाटल्या पुसणं थांबवलं नाही.

"पान मी काढलं असं वाटतंय ना? वाटू द्या. मी वीस वर्षांपूर्वी पलीकडच्या बेटावर साथ पाहिली आहे. एका आजीला उतरवून घेतलं होतं. नऊशे माणसं गेली."

"पास्कोच्या आईला साथ नव्हती, हे तुम्हीच लिहून दिलंत," बार्तोलो म्हणाला.

"खरं ते लिहिलं. खबर दिली तीही खरी. खोटं बोलायचं असतं तर दोन्हीकडे बोललो असतो."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून राग आला.

"काल वर काय केलंत?"

"गुडघ्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या. वाडगाभर पाणी आणि फडकं तिथेच ठेवून आलो. दर तासाला पट्टी बदला म्हणालो. दुसरा बदलू शकत नाही ना, हात लावायची बंदी. म्हातारा आपला वाकून स्वतःच बदलतो." त्यानं पेटी उघडून आतली पाती आमच्यापुढे मांडली. केस उभा चिरला जाईल अशी धार. "पान काढायचं असतं तर मी याच्यानं काढलं असतं. तुमच्या पोथीला पत्तासुद्धा लागला नसता."

ओर्सात ग्रुबिच आम्हाला त्याच्या घराच्या दारातच भेटला. बसा म्हणाला नाही.

"तुम्हाला ते कलम नको होतं," बार्तोलो म्हणाला.

"मला ते कलम रद्द व्हायला हवं होतं. चोरीला जायला नव्हे. त्यात फरक आहे, चिटणीस, तुम्ही लेखणीचे लोक तो विसरता." त्याच्या कमरेला चांदीच्या मुठीचा खंजीर होता, अंगावर उंची लाल रेशमी पट्टा. "माझ्या खापरपणजोबांनी दोनदा ते रद्द करायला लावायचा प्रयत्न केला. जमलं नाही, शहर वसलं तेव्हाची शपथ आहे त्यामागे. म्हणून त्यांनी दुसरा कायदा केला, की क्नेझनं उंबरठा ओलांडायचा नाही. ओलांडला तर महिना संपताच सरदारांच्या यादीतून नाव खोडायचं आणि शहराबाहेर काढायचं, कायमचं. मेल्यावरसुद्धा इथली माती नाही."

"म्हणजे अधिकार काढता आला नाही, म्हणून त्याचे पाय बांधले."

"दीडशे वर्षांत कोणी ओलांडला का? नाही. मग त्या पानाला मी कशाला घाबरू? ते असलं काय, नसलं काय. क्नेझ बाहेर येणार नाही."

"खात्री आहे?"

"दाम्यान वेसेलिचला मी लहानपणापासून ओळखतो," ओर्सात म्हणाला. क्नेझचं नाव महिन्यात घ्यायचं नसतं, ते त्यानं सहज घेतलं, आणि ते आमच्या लक्षात आलंय हे कळून त्याचे कान लाल झाले.

परत येताना माझं मन ओर्सातवर पक्कं बसलं होतं.

"हाच," मी म्हणालो. "चोराच्या मनात चांदणं."

"मग खंजीर असताना पानाला लव का सुटली?" बार्तोलोनं विचारलं, आणि महालात पोचताच तो पुन्हा पोथीपाशी गेला. खिडकीपाशी नेऊन त्यानं पोथी तिरकी धरली आणि मला बोलावलं. अठराव्या कलमाच्या पानावर, अगदी शिवणीलगत, वरून खालपर्यंत एक फिकट गुलाबी रेघ उमटली होती.

४

कातिना हौदावर होती. हात कोपरापर्यंत लाल, तोंड त्याहून तिखट.

"पान मी नेलं म्हणतात का? नेऊन काय करू, त्यात मासे गुंडाळू?"

"ओर्सातांनी काही सांगितलं होतं का तुला?" बार्तोलोनं विचारलं.

"ते मला सांगतात की गळपट्ट्याला जास्त खळ लावू नको. तेवढंच."

"त्यांचा तो लाल पट्टा. धुताना रंग जातो?"

तिनं त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "तो व्हेनिसचा माल. उकळत्या पाण्यात घातला तरी ढिम्म. रंग जातो तो क्नेझच्या लाल झग्याचा. दर महिन्याला तोच झगा, माणूस तेवढा बदलतो. मागच्या वर्षी सभेनं तो स्वस्तातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतला. आता नुसती ओली बोटं लावली तरी गुलाबी होतात. कमरेचा गोफ तर विचारूच नका, त्याचे धागेही सुटायला लागलेत. मी किती वेळा सांगितलं वरच्यांना. धोबिणीचं कोण ऐकतं?"

"मी ऐकतोय," बार्तोलो म्हणाला.

स्ताना नेहमीच्या पायरीवर होती. बार्तोलो तिच्याशेजारी खाली बसला. चिटणीसाला पायरीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"काल सरकारांना काय म्हणालीस, बाई?"

"काय म्हणणार? पाया पडू का विचारलं. म्हणाले, मला हात लावायची बंदी आहे. मग लांबूनच डोकं टेकवलं. ते घोडीपाशी उभे होते. पोथी मिटलेली होती आणि तिच्यावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते. माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, सरकार, पुस्तकात लिहिलंय ना, तुम्ही नुसते समोर आलात तरी माझा माणूस सुटतो? तर मला विचारतात, तुला वाचता येतं का. मी म्हटलं नाही. तर म्हणाले, सुखी आहेस."

"आणि?"

"आणि जा म्हणाले. चिटणीससाहेब, उद्या मी त्यांना काय शिव्या देऊ? त्यांनी नाही म्हटलंच नाही."

बार्तोलो उठला, मला माझ्या देवडीत घेऊन गेला आणि दार लोटलं.

"माझ्या गावी मठातल्या पुस्तकांमधून पानं चोरायची एक युक्ती होती. सुरी लागत नाही. ओला दोरा पानाच्या शिवणीत घालायचा, पुस्तक मिटायचं, दाबून धरायचं. अर्ध्या तासात कागद मऊ पडतो, पान अलगद हातात येतं. कडेला लव सुटते. दोरा रंगीत असेल तर समोरच्या पानावर रेघ राहते."

"पाणी वैद्यानं ठेवलेलं होतं," मी म्हणालो.

"हो. आता सांग, एवढी उठाठेव कोण करील? ज्याच्याजवळ सुरी आहे तो?"

मी मनातल्या मनात मोजायला लागलो. ओर्सातकडे खंजीर. वैद्याकडे पाती. कातिनाच्या कमरेला कात्री असते. स्तानाकडे मासे कापायची सुरी, मिठागरावरच्या बायका तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. माझ्याकडे भाकरी कापायला आहे. कामेनात ज्याच्यापाशी पातं नाही असा माणूस मला आठवेना.

"काल महालात माणसं किती होती, विको?"

"चार आली, चार गेली."

"आली-गेली विचारत नाहीये मी. होती किती?"

एकोणीस वर्षं मी उंबरठा ओलांडणारे मोजले. जो ओलांडतच नाही, तो माझ्या मोजणीत कधी आलाच नव्हता. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

५

"त्यांना विचारता येणार नाही," जिना चढताना मी कुजबुजलो. "जाब विचारायची बंदी आहे. झडतीही घेता येणार नाही."

"मी कुठे विचारतोय?"

क्नेझ खिडकीपाशी बसला होता. गुडघ्यावर ओलं फडकं, कमरेला तो गोफ. बार्तोलो वाकून उभा राहिला.

"सरकार, चौकशी झाली. मी आपल्याला काहीही विचारणार नाही. फक्त सांगतो. ज्यानं पान काढलं त्याच्याजवळ पातं नव्हतं. पाणी होतं, वेळ होता, आणि रंग सोडणारा लाल धागा होता. त्याला पान विकायचं नव्हतं आणि पास्कोवर त्याचा राग नव्हता. कायद्यानं त्याच्याजवळची प्रत्येक सुरी काढून घेतली, आणि त्यामुळेच तो सापडला."

खाली चौकात सुतार फाशीचे खांब हातगाडीवर चढवत होते. त्यांची ठोकाठोक वर ऐकू येत होती.

क्नेझनं गुडघ्यावरचं फडकं वाडग्यात पिळलं. मग म्हणाला, "नाव लिहिणार?"

"अहवाल क्नेझला द्यायचा असतो. मी तो आत्ता दिला. पुढे कोणाला द्यायचा हे कुठल्याही कलमात नाही."

"बार्तोलो, मी तीस वर्षं तेल विकलं. मापात कधी थेंब मारला नाही. सोमवारी ते कलम वाचलं आणि माझी झोप उडाली. ते पान होतं तोवर पास्को माझ्यामुळे मरणार होता. पान गेलं की कायद्यामुळे मरेल. मला एवढंच हवं होतं, की मी सोडून दुसऱ्या कशामुळे तरी मरू दे."

मला त्याची दया आली. रागही आला, पण दया जास्त आली. माझ्यासारख्यानं दार उघडावं आणि मिटावं, त्याला असल्या रात्री काढाव्या लागत नाहीत.

"पानानं आपल्याला अधिकार दिला असता, सरकार, तर पानाबरोबर तो गेलाच असता," बार्तोलो म्हणाला. "पण पानानं तो फक्त लिहून ठेवला. अधिकार पोथीतून काढून आपण खिशात घातलात. तो अजून आपल्याकडेच आहे."

क्नेझनं झग्याच्या आत हात घातला. पान चार घड्या घालून छातीशी ठेवलेलं होतं. "जाळायला दोनदा दिव्यापाशी गेलो. जाळवेना."

बार्तोलोनं ते घ्यायला हात पुढे केला नाही.

"आणि उंबरठा?" क्नेझनं विचारलं. "त्याचंही कलम आहे."

"आहे. ओलांडला तर काय होईल ते त्यात नीट लिहिलंय. नाव जाईल, गाव जाईल. पण ओलांडता येणार नाही असं तिथे कुठे लिहिलंय? कायदा किंमत सांगतो, सरकार. भिंत बांधत नाही."

"माझी बायको साठीला आली. या गावाबाहेर तिचं कोणी नाही."

"ठाऊक आहे."

"आणि साथ? उद्या प्रत्येक जण होडी घेऊन निघाला तर?"

"तेही ठाऊक आहे," बार्तोलो म्हणाला. "वैद्य खोटं बोलत नाही. म्हणूनच हे माझ्यासारख्याला ठरवायला दिलेलं नाही."

तेवढ्यात ओर्सात आला. "कोण निघाला?"

"अहवाल सरकारांकडे दिला आहे," बार्तोलो म्हणाला.

ओर्सात क्नेझकडे वळला. विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि विचारता येत नाही हे आठवून तसंच मिटलं. कायदेरक्षक होता तो, कायदा त्याच्या हाडीमासी होता.

क्नेझ म्हणाला, "मी थकलोय. जा सगळे."

मी जिना उतरलो तेव्हा स्ताना पायरीवरून वर बघत होती.

६

गुरुवारी सकाळी डोंगराकडून येणारा थंडगार बोरा वारा सुटला होता. फाशीची मिरवणूक महालासमोरून जाऊन समुद्राच्या वेशीबाहेर जाते. लोक भिंतींना पाठ लावून उभे होते. पुढे घुसायला कोणी धडपडत नव्हतं. आमच्याकडे फाशी बघायला लोक येतात, पण पास्कोची आई सगळ्यांच्या ओळखीची होती.

पहिली घंटा झाली. पास्को दिसायला लागला, हात मागे बांधलेले, गळ्यात दोर. पुढे ओर्सात, मागे चार शिपाई, बाजूनं स्ताना.

आणि माझ्यामागे जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक ओढलेलं.

देवडीवरच्या माणसासाठीही कलम आहे. क्नेझ उंबरठ्याकडे आला तर त्यानं तीन वेळा म्हणायचं, 'सरकार, मागे फिरा.' न म्हटलं तर नोकरी जाते. आणि हात लावून अडवलं तर मान जाते. असं हे कलम. मी ते नोकरीच्या पहिल्या दिवशी पाठ केलं होतं आणि कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"सरकार, मागे फिरा," मी म्हणालो.

तो येत राहिला. हातात ते पान होतं. महिन्याची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सरकार वगैरे काही दिसत नव्हता, गुडघेदुखीनं बेजार झालेला एक म्हातारा दिसत होता.

"सरकार, मागे फिरा."

तो उंबरठ्यापाशी थांबला. मला वाटलं, संपलं. त्यानं खाली बघितलं. सव्वीस दिवस त्यानं ती दगडाची पट्टी वरून पाहिली असेल. चार बोटं उंच, मधोमध झिजलेली. पोरं तिच्यावर उड्या मारतात.

"विको, तिसऱ्यांदा म्हण," तो हळूच म्हणाला. "तुझी नोकरी जायला नको."

"सरकार, मागे फिरा," मी म्हणालो, आणि दाराची दुसरी फळीही उघडली.

त्यानं पाय बाहेर टाकला.

ओर्सातनं ते पाहिलं. "आत न्या त्यांना," तो शिपायांना म्हणाला. शिपाई एकमेकांकडे बघत राहिले. हात लावील त्याची मान जाईल हे कलम प्रत्येकाला पाठ होतं, आणि तो हुकूम देणाऱ्याला सगळ्यांहून जास्त. ओर्सात स्वतः दोन पावलं पुढे आला, हात उचलला. तो हात क्नेझच्या खांद्यापासून वितभर लांब थांबला आणि तसाच राहिला.

क्नेझ त्याला वळसा घालून गेला. लंगडत, भिंतीचा आधार घेत, मिरवणुकीच्या मधोमध जाऊन पास्कोच्या समोर उभा राहिला. पान त्यानं वर धरलं. वाऱ्यानं ते फडफडत होतं. कोणी वाचायला पुढे आलं नाही, वाचायची गरज कोणालाच नव्हती. वैद्य लोव्रो गर्दीत होता. त्यानं डोळे मिटले, मग टोपी काढली.

भेटल्यावर काय बोलायचं ते कलमात लिहिलेलं नव्हतं. क्नेझ पास्कोकडे बघत राहिला, पास्को जमिनीकडे. आपल्यासमोर काय घडतंय हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"घरी जा," क्नेझ म्हणाला.

स्तानानं आपल्या सुरीनं नवऱ्याच्या हातांचा दोर कापला. कापताना पातं त्याच्या मनगटालाही लागलं, थोडं रक्त आलं. गळ्यातला फास ती डोक्यावरून काढायला लागली तेव्हा कुठे पास्कोला समजलं. तो रस्त्यातच बसला. बसल्या बसल्या त्यानं वर बघितलं. अंगावर लाल झगा, मागे उघडं दार, बाजूला ओर्सातचं तोंड. मिठागरावरचा असला तरी तो कामेनाचाच होता. उंबरठ्याचं कलम त्यालाही माहीत होतं.

"सरकार," तो म्हणाला, "आणि तुम्ही?"

"माझे अजून पाच दिवस आहेत," क्नेझ म्हणाला. "जकातीचे कागद पडलेत सहीचे."

तो वळला आणि आला तसाच भिंतीला धरून परत आला. मी दोन्ही फळ्या उघड्या धरून उभा होतो. आत येताना त्याला काही म्हणायचं असं कुठल्याच कलमात नव्हतं, म्हणून मी नुसती टोपी काढली.